पेरिझातला नोकरीला कुणी लावलं?

नोकरी मिळाल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा पेरिझातनं उडीबिडी काही मारली नाही. निरोप खरा आहे का, ते आधी तपासलं. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर लावून वाचला. कंपनीचं नाव नेटवर शोधलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून कोट अडकवून थेट त्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिली आणि कोपऱ्यावर समसे विकणाऱ्या बाईला विचारलं, "एजे, वरच्या मजल्यावर खरंच माणसं कामाला येतात का हो?"

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "येतात की. दुपारी बटाट्याचे समसे नेतात, मटणाचा एकही नाही. त्यावरून पगाराचं काय ते तूच ठरव."

म्हणजे कंपनी होती, माणसं होती, आणि ती जेवतही होती. तरी पेरिझातचं मन काही मानेना.

कुणी म्हणेल, पोरगी भलतीच संशयी. असेल. पण तुम्ही बिश्केकमध्ये नोकरी शोधून बघा आणि मग बोला. आमच्याकडे नोकरी लागत नाही, कुणीतरी लावतं. मामा लावतो, मेहुणा लावतो, मेहुण्याच्या साहेबाची बायको लावते. पेरिझातनं गणिताची पदवी घेतली, मग वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून वेबसाइट बनवायचं काम आपलं आपण शिकली. फुटकळ कामं पुष्कळ केली. एका दाताच्या डॉक्टरची वेबसाइट केली, लोकरीचे गालिचे विणणाऱ्या बायकांचं दुकान नेटवर मांडून दिलं. पण पक्की, पूर्णवेळ नोकरी म्हटलं की घोडं अडायचं. एका ठिकाणी मुलाखत झकास झाली आणि शेवटी साहेबानं मायेनं विचारलं, "तुझ्यामागे कोण आहे?" ती म्हणाली, "कुणी नाही." साहेबानं असा सुस्कारा सोडला, की जणू तिच्या घरी कुणी वारलं असावं.

आणि या कंपनीत तो प्रश्नच आला नाही! मालकीण वेनेरा एजे, म्हणजे वेनेराताई, पन्नाशीची, केस पुरुषासारखे कापलेले, बोलणं मोजकं. तिनं परीक्षा म्हणून डोंगरातल्या एका अतिथिगृहासाठी खोली राखून ठेवायचं पान बनवायला दिलं होतं. मुलाखतीत तिनं एवढंच विचारलं, की चित्रं इतकी हलकी का केलीस. पेरिझात म्हणाली, "आमच्या गावात नेट रांगत येतं." बाईनं मान हलवली आणि चहा मागवला. गाव कोणतं, कुणाची पोर, कोणत्या कुळाची, काही नाही. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला एवढं गार ताक मिळालं, तर तो फुंकणारच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिनं घरी फोन केला. आई म्हणाली, "पासपोर्ट मागितला का?"

"नोंदणीला लागतो ना, अपा."

"देऊ नकोस! कारा-सूच्या त्या पोरीचा असाच घेतला होता. ऑफिस म्हणे. कसलं ऑफिस? दाराला आतून कडी आहे का बाहेरून, ते बघितलंस का?"

पेरिझातनं ते बघितलं होतं, पण कबूल केलं नाही. मग फोन बापाकडे गेला. तुरातबेकला मुलीचं काम कधी कळलंच नव्हतं. कोच्कोरच्या रस्त्याकडेला चार घोड्या बांधून त्यांच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस विकणारा माणूस. त्याच्या लेखी लॅपटॉप म्हणजे टीव्हीचं पिल्लू. पेरिझातला वाटलं, तो आता दहा प्रश्न विचारणार.

तुरातबेक मोठ्यानं हसला. "झालं ना! मला ठाऊकच होतं होणार म्हणून."

"तुम्हाला कसं ठाऊक, आताके?"

"बापाला असतं ठाऊक. रविवारी नाही, पुढच्या रविवारी ये. मेंढा कापतो."

पेरिझातच्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसानं दोन वर्षं 'तुझं ते कॉम्प्युटरचं झालं का' यापलीकडे प्रश्न केला नव्हता, त्याला हे ठाऊक कसं?

सोमवारी ती कामावर रुजू झाली. सकाळ छान गेली. वेनेरा एजेनं स्वतः खुर्ची दाखवली, शेजारच्या स्तासला सांगितलं, की हिला सगळं समजावून दे. स्तास म्हणजे पिवळ्या केसांचा, सतत सूर्यफुलाच्या बिया सोलणारा पोरगा. त्यानं तिला अर्ध्या बिया दिल्या, चालू कामं दाखवली, कोणत्या गिऱ्हाइकाला निळा रंग सोसत नाही तेही सांगितलं. दुपारी सगळ्यांनी मिळून समसे खाल्ले. बटाट्याचेच.

जेवणानंतर मात्र हवा पालटली. वेनेरा एजेचा फोन वाजला, ती आत गेली, दार लागलं. बाहेर आली ती सरळ स्तासपाशी गेली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. स्तासनं पेरिझातकडे बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढलं. त्यानंतर तिच्या खुर्चीजवळून जाणारा प्रत्येक माणूस गप्प होऊन जायला लागला. बुधवारी स्तासनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू याआधी कुठं होतीस? एखाद्या सरकारी खात्यात वगैरे?"

"नाही. का?"

"असंच." आणि बियांची पुडी त्यानं खिशात घातली.

पेरिझात काही दूधखुळी नव्हती. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिनं ओळखलं. ही माणसं काहीतरी लपवतायत. कदाचित कंपनीचे धंदे काळे असतील. कदाचित आईचंच खरं असेल. तिनं पासपोर्ट परत मागून घेतला आणि ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवला. काम मात्र मन लावून करत राहिली, कारण काम तिला आवडत होतं, आणि हीच खरी पंचाईत होती.

मेजवानीच्या रविवारी ती गावी पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तळलेल्या बोर्सोकांचा ढीग जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर, चहाचे वाडगे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. बापाचे चुलते, शेजारी, आणि शहरातून खास आलेला सोवेतबेक. हा बापाचा चुलतभाऊ, त्याच्याहून चांगला आठ-दहा वर्षांनी लहान. कधी काळी तो कर-खात्यातल्या एका साहेबाची गाडी चालवायचा. साहेब केव्हाच गेला, गाडीही गेली, पण सोवेतबेकच्या बोलण्यातून ते खातं काही गेलं नाही.

मांस आलं. आमच्याकडे हाडं वाटतात ती उगाच नाही. कोणाच्या पुढ्यात कोणतं हाड पडलं, यावरून त्या घरात त्याची जागा कळते, आणि चुकीचं हाड दिलं म्हणून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं बोलेनासे झालेले आहेत. डोकं गेलं सगळ्यात थोरल्या आजोबांपुढे, ते ठीकच. त्यानंतर जम्बाश, म्हणजे कमरेचं हाड. ते थोरल्या चुलत्याला जायचं. चुलत्यानं सुरी पुसून तयारही ठेवली होती.

तुरातबेक ताट घेऊन स्वतः उठला, चुलत्याला ओलांडून गेला आणि जम्बाश सोवेतबेकपुढे ठेवलं.

खोलीत चावण्याचा आवाज थांबला. सगळ्यांनी हाडाकडे बघितलं, मग सोवेतबेककडे, आणि मग एकदम पेरिझातकडे. आजोबा हळूच म्हणाले, "असं होय." चुलत्यानं सुरी पुन्हा म्यानात घातली आणि कुरकुर न करता पायाचं हाड घेतलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्या हाडानं सांगितलं.

सोवेतबेकनं छातीवर हात ठेवला. "अरे, मी काय केलं? एक शब्द टाकला, इतकंच. पोरगी गुणाची आहे. पण गुणांना धक्का द्यावा लागतो."

"दुआ द्या हिला," तुरातबेक म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता, की पेरिझातनं तो तसा कधी पाहिला नव्हता. सगळ्यांनी तळवे उघडले. पेरिझातनं हातातला घास ताटात परत ठेवला.

ती उठून अंगणात गेली. दावणीला तीन घोड्या आणि त्यांची शिंगरं होती. चौथा खुंटा रिकामा. तांबडी घोडी आणि तिचं शिंगरू दोन्ही नव्हती. दुधाला सगळ्यात चांगली घोडी ती.

आई मागोमाग आली होती. "अपा, तांबडी कुठाय?"

"चरायला."

"बाकीच्या इथं आणि ती एकटीच चरायला?"

आईनं ओढणीनं हात पुसले, मग पुन्हा पुसले. "बापानं केलंय तुझ्यासाठी. तू परीक्षेचं ते पान पाठवून वाट बघत होतीस ना, तेव्हाच दिली. काम झालं नाही तर घोडी परत, असं सोवेतबेक म्हणाला होता. माणूस सरळ आहे. आता तोंड मिटून आत चल आणि हसून बस."

पेरिझात आत जाऊन बसली. हसलीसुद्धा. पण आतून ती पार खचली होती. त्या पानावर तिनं जीव ओतला होता. पहिल्यांदा कुणीतरी आपलं काम बघून आपल्याला बोलावलं, असं तिला वाटलं होतं. म्हणजे ते पान कुणी उघडूनही पाहिलं नसणार. वेनेरा एजेनं गाव विचारलं नाही, कारण गाव तिला आधीच माहीत होतं. घोडीसकट.

सोमवारपासून तिला ऑफिसातलं सगळं उलगडल्यासारखं वाटायला लागलं. त्या नजरा, ते गप्प होणं. वशिल्याची पोरगी आली म्हणून! बरोबरच आहे त्यांचं. तिनं स्तासला गाठलं.

"स्तास, खरं सांग. माझ्यासाठी फोन आला होता का?"

स्तासनं दाराकडे बघितलं. "मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आला होता."

झालं. राहिलेली आशाही गेली. पेरिझातनं ठरवलं, की असल्या खुर्चीवर बसायचं नाही. घोडी परत आणायची आणि गालिचेवाल्या बायकांकडे परत जायचं. तिनं वेनेरा एजेचं दार वाजवलं आणि उभ्या-उभ्याच म्हणाली, "मी नोकरी सोडते."

वेनेरा एजेनं चष्मा काढला. "काम संपलं वाटतं तुझं?"

"कसलं काम?"

"ज्यासाठी तुला पाठवलंय ते. बघून झालं सगळं? आमचे कर भरलेले आहेत, पोरी. कागद न् कागद आहे. जाऊन सांग तुझ्या काकांना."

पेरिझातला क्षणभर काही कळेना. "मला कुणी पाठवलं? मला तर तुम्ही घेतलंत, त्यांच्या फोनवरून!"

"मी?" वेनेरा एजे उठून उभी राहिली. रागानं तिचे कान लाल झाले होते. "माझ्या ऑफिसात ज्याच्यासाठी फोन येतो त्याला मी दारातूनच परत पाठवते. माझ्या सख्ख्या भाच्याला नाही घेतलं, बहीण अजून बोलत नाही माझ्याशी. तुला शुक्रवारी घेतलं. फोन आला सोमवारी दुपारी, तू समसा खाऊन उठलीस तेव्हा. म्हणे, 'आमची पोरगी घेतलीत, आभार. कर-खात्यात काही अडलं तर आमची आठवण ठेवा.' ही धमकी नाही तर काय? आम्ही सगळे आठवडाभर विचार करतोय, की ही पोर आमच्यात कशासाठी घुसवलीय."

पेरिझात खुर्चीवर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. "शुक्रवारी?"

"शुक्रवारी. तुझ्याकडे निरोप आला नाही का?"

"आला होता." आणि मग तिला हसू यायला लागलं, आणि रडूही, आणि कोणतं आधी येऊ द्यावं ते समजेना. "एजे, ते माझे काका कर-खात्यात नाहीत हो. तिथं गाडी चालवायचे. तीही आता नाही."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर."

वेनेरा एजे तिच्याकडे टक लावून बघत राहिली. खोटं बोलणारीनं काका मोठा करून सांगितला असता, छोटा करून नव्हे. शेवटी ती खाली बसली आणि म्हणाली, "या देशात साहेब थोडे आणि साहेबांचे ड्रायव्हर फार. तुला काय वाटतं, मी तुला का घेतलं?"

"मला तेच माहीत नाही."

"माझी आई अत-बाशीच्या वर राहते. तिचा फोन म्हातारा, नेट त्याहून म्हातारं. जितकी पानं आली तितकी मी तिला पाठवली, म्हटलं, उघडून खोली राखून दाखव. बाकीच्यांची पानं फिरतच बसली. तुझं उघडलं. आईनं खोली राखली आणि वर मला फोन करून विचारलं, की तिथं न्याहारीला काय मिळतं." वेनेरा एजेनं चष्मा पुन्हा चढवला. "आता जा आणि काम कर. विश्वास तीन महिन्यांनी ठेवीन. आणि त्या ड्रायव्हरला सांग, पुन्हा फोन केलास तर तुझी पोरगी काढून टाकीन."

संध्याकाळी ती सोवेतबेकच्या घरी गेली. तो शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायचा. अंगणात गाडी धूत होता. पेरिझातनं नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही.

"अबाके, तुम्ही फोन सोमवारी केलात. मला शुक्रवारीच घेतलं होतं."

"मग?" त्यानं फडकं पिळलं. "तुझा बाप म्हणाला, शब्द टाक. मी टाकला. कधी टाक ते म्हणाला नव्हता."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला! आणि त्यावर तुम्ही तांबडी घेतलीत?"

"मागितली नव्हती मी. तोच ओढत घेऊन आला. रडायला आला होता गं तुझा बाप. मी काय त्याला परत पाठवू?" सोवेतबेकला लाज वाटत असेल तर ती कुठंतरी फार आत असावी. "घोडी माझ्या मेहुण्याकडे आहे. उद्या घेऊन जा, मी अडवणार नाही. पण आधी बापाला सांग, की तू दिलेल्या घोडीनं काही झालं नाही, पोरगी तुझ्यावाचूनच लागली. सगळ्या गावात तो छाती काढून फिरतोय, की मी लेकीला नोकरीला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणासाठी काहीतरी करून दाखवलंय. ते काढून घे आणि घोडी घेऊन जा. जमतंय का बघ."

पेरिझातला त्याचा इतका राग आला, की बादली त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली. पण वस्तीबाहेर चालत येताना तिच्या लक्षात आलं, की तो लुच्चा जे म्हणाला त्यातला शेवट खरा होता. बापाचा तो फुललेला चेहरा तिनं पाहिला होता. एक घोडी गेली तर जाऊ दे, असं तिनं मनाशी म्हटलं. मेजवानी झाली, दुआ झाली, आता कशाला?

पुढच्या शनिवारी गप्प राहायचं ठरवूनच ती गावी गेली.

घरात शेजारचा कालमुरात बसला होता. चहा, लोणी, आणि तुरातबेक त्याला अनुभवी माणसाच्या थाटात सांगत होता, "सोवेतबेककडे जा. पण हात हलवत जाऊ नको. माणसाला तोंड उघडायला काहीतरी लागतं."

"काळा घोडा आहे माझा," कालमुरात म्हणाला. "पोरगं बँकेत लागणार असेल तर देईन. घोडा तेवढा एकच आहे म्हणा."

"दे. नाही लागला तर परत करतो तो. माझी पोर बघ ना, ही इथं उभी आहे! कशी चटकन लागली."

पेरिझातनं चहाचा वाडगा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. कालमुरातचा तो घोडा तिला माहीत होता. त्याच्यावरच तो गुरं राखायचा, लोकांची गुरं, त्यावरच घर चालायचं. पोरगा लागला तर सोवेतबेकनं लावला, नाही लागला तर घोडा परत, आणि मधल्या महिन्यांत कालमुरात पायी गुरं राखणार. कालमुरात उठून गेल्यावर मात्र तिला राहवेना.

"आताके, सोवेत अबाकेनं मला लावलं नाही."

"म्हणजे?"

तिनं सगळं सांगितलं. शुक्रवार सांगितला, सोमवार सांगितला, वेनेरा एजेच्या आईचा म्हातारा फोन सांगितला. आई चुलीपाशी पाठ करून उभी होती. तुरातबेकनं वाडगा बाजूला सारला.

"तुला कोण म्हणालं हे? ती बाई? ती खरं बोलते कशावरून?"

"निरोप माझ्या फोनवर आहे. तुम्हाला मी शनिवारी फोन केला, त्यानंतर तुम्ही अबाकेला केलात ना? की 'झालं, आभार'?"

"केला."

"त्यांना कसं वाटलं ऐकून?"

तुरातबेक आठवायला लागला. मग त्याचा चेहरा बदलत गेला. "म्हणाला, 'काय झालं?'" तो हळू म्हणाला. "मी सांगितल्यावर म्हणाला, 'हां हां, ते. झालं ना?'"

तुरातबेक आपल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घोडीचं काही नाही. घोडी मी जाऊन आणीन, आणि त्याला काय सांगायचं तेही सांगेन. पण मी का दिली माहीत आहे तुला? मला वाटलं, तुझ्याच्यानं होणार नाही. माझी पोर म्हणून वाटलं. माझ्या पोरीला कोण घेणार, असं."

पेरिझातला हे लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं.

तुरातबेकनं कल्पाक टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर पडला. तीही मागोमाग गेली. कालमुरात आपल्या फाटकात घोड्याला खरारा करत होता, उद्या शहरात न्यायचा म्हणून. दोन-तीन शेजारीही तिथं उभे होते. तुरातबेक त्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "कालमुरात, घोडा नेऊ नकोस. सोवेतबेकनं काही केलं नाही. त्यानं मला गंडवलं आणि मी गाढवासारखा गंडलो. माझी पोर आपल्या कामाच्या जोरावर लागली. मी मेंढा कापला तो फुकट."

स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या गावात, एका चुलत्याला ओलांडून दिलेल्या हाडाबद्दल असं बोलायला किती जड जातं, ते आमच्या माणसांनाच कळेल.

कालमुरातनं खरारा थांबवला. तुरातबेककडे बघितलं, पेरिझातकडे बघितलं, आणि डोळा बारीक केला. "असं होय! म्हणजे तुझं काम झालं, आता सोवेतबेक तुला एकट्याला हवा?"

"अरे, तसं नाही..."

"कळतं रे, कळतं. एका माणसाकडे सगळे गेले, की त्याचा शब्द स्वस्त होतो. म्हणून म्हणतोस, जाऊ नको. मघाशी तर म्हणत होतास, जा. मध्ये पोरीनं कान फुंकले वाटतं." शेजारी हसले. एकजण म्हणाला, "कुणाच्या ओळखीवाचून शहरात नोकरी लागली म्हणे! आम्ही काय काल जन्मलो?"

पेरिझात पुढे झाली. "कालमुरात बाइके, मी शपथेवर सांगते..."

"तू सांगणारच, पोरी. तुला शिकवलंय तसं." आणि त्यानं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "उद्या पहाटेच निघतो."

बापलेक परत फिरले. रस्ता थोडाच होता, पण तुरातबेक अगदी सावकाश चालत होता. पेरिझातला वाटलं, आता तो रागावेल, की तुझ्यापायी चारचौघांत हसं झालं. आणि रागावला असता तर ती उलटून बोलणारही नव्हती. फाटकापाशी येऊन तो थांबला.

"खरं सांग. अगदी कुणीच नव्हतं? तो डॉक्टर, कॉलेजातली एखादी बाई? कुणी एक शब्दसुद्धा टाकला नाही?"

"नाही, आताके. कुणीच नव्हतं."

तुरातबेकनं फाटकाच्या खांबाला हात टेकवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "म्हणजे दोन वर्षं तू तिथं एकटीच होतीस की गं."